हे दोन मीटर कुठून आले? खाणीचं छत आणि ते तपासणारं सॉफ्टवेअर

गेल्या महिन्यात आमच्या बाणेरच्या ऑफिसात नवीन लागलेली ट्रेनी लॅपटॉप घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, झालं, सेफ्टी फॅक्टर दोनच्या वर येतोय." सेफ्टी फॅक्टर म्हणजे धरून ठेवणारी ताकद भाराच्या किती पट आहे तो आकडा. विदर्भातल्या एका मँगनीजच्या खाणीतल्या साडेतीन मीटर रुंद बोगद्याचं काम होतं. स्क्रीनवर राखाडी रंगात बोगदा, त्याच्या छताच्या आत शेंडी वर करून बसलेला पिरॅमिडसारखा लाल तुकडा, आणि त्यात घुसलेल्या निळ्या रेघा, म्हणजे १.८ मीटरचे रूफ बोल्ट, छतात भोक पाडून पक्क्या बसवलेल्या सळया. तुकड्याची उंची दीड मीटर, वजन २.७ टन. मी एवढंच विचारलं, "भेगांची लांबी दोन मीटर धरलीयस, हे दोन मीटर कुठून आले?" तिने फाइल वर-खाली केली, जरा थांबली आणि सरळ सांगितलं, "मागच्या प्रोजेक्टच्या फाइलमधून तसेच राहिलेत, सर."

हा लेख त्या दोन मीटरबद्दल आहे असं समजा. कारण आमच्या या कामाबद्दल घरचे, मित्र, सोसायटीतले लोक विचारतात तेव्हा सगळ्यांना वाटतं की कॉम्प्युटरला खडक दाखवला की तो सांगतो, छत पडणार की नाही. तसं नसतं. पण मग नक्की कसं असतं ते नीट सांगायला कधी वेळच मिळत नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

आधी छत टिकतं कसं ते बघू. त्यासाठी खाणीत जायची गरज नाही, जंगली महाराज रोडवर पाताळेश्वरला जा. आठव्या शतकातलं लेणं, अख्खं बेसॉल्टमधे खोदलेलं. आत उभं राहून वर बघा आणि मग खांबांकडे बघा. ते खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत, बाकीचा दगड काढला आणि तेवढा ठेवला, म्हणजे खांब हा न खोदलेला खडक आहे. कोळशाच्या जमिनीखालच्या खाणीत बोर्ड अँड पिलर नावाची पद्धत असते ती अगदी हीच. आडवेउभे बोगदे काढायचे, त्यांना गॅलरी म्हणतात, आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, ते पिलर. वरचा सगळा भार त्यांच्यावर. फरक एवढाच की पाताळेश्वर आपल्या घट्ट काळ्या पाषाणात आहे आणि कोळशाच्या वर असतात वाळूचे दगड आणि शेल, म्हणजे वहीच्या पानांसारखे थरावर थर.

आता भार म्हणजे किती? शंभर मीटर खोलीवर दर चौरस मीटरमागे साधारण अडीचशे टन खडक वर बसलेला असतो. खोदायच्या आधी तो भार शांतपणे खाली जात असतो. आपण भोक पाडलं की त्याची वाट अडते आणि तो बाजूंनी वळतो. मुठेला पाणी सोडल्यावर लकडी पुलाच्या खांबापाशी बघा, पाणी खांबाला वळसा घालून जातं आणि कडेला जास्त जोर धरतं, तसंच. जर्मन इंजिनियर किर्श याने १८९८ मधे गोल भोकाभोवतीचं हे गणित मांडलं, आणि अजूनही कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायच्या आधी आम्ही हेच गणित त्याला घालून बघतो, उत्तर जुळलं तर पुढे. त्यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: बाजूने येणारा आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर गोल बोगद्याच्या माथ्यावर ताण येतो, म्हणजे खडक दाबला न जाता ओढला जातो. आणि दाब सोसण्यात खडक पहिलवान असला तरी ओढ सोसण्यात तो अगदीच कच्चा, ढोबळ मानाने दहावा हिस्सा ताकद. म्हणजे छताला जो आडवा दाब दोन्हीकडून आवळून धरतो तो थोडाफार आपला मित्रच असतो. फार वाढला तर मात्र तोच छताचे थर चिरडतो.

पण हे सगळं अखंड खडकाचं झालं आणि अखंड खडक असतोच कुठे. आपल्या पुण्याखालीच बघा ना, विहीर खणणारे लोक सांगतात, आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मधेच कुठेतरी गेरूचा लाल पट्टा. एकावर एक लाव्हाचे थर आणि त्यांत थंड होताना पडलेल्या भेगा. खडकाचं छत बहुतेक वेळा दगड फुटून पडत नाही, दगड आधीच फुटलेला असतो, तो त्या भेगांवरून सुटून येतो. हे एकदा डोक्यात बसलं की सॉफ्टवेअर कशासाठी ते कळतं.

भेगा वाटेल तशा नसतात, त्यांच्या टोळ्या असतात. एका टोळीतल्या सगळ्या भेगा साधारण एका दिशेला झुकलेल्या, आम्ही त्याला जॉइंट सेट म्हणतो. अशा तीन टोळ्या एकमेकींना छेदल्या आणि खाली छताची मोकळी बाजू मिळाली की चार बाजूंचा तुकडा तयार होतो. तो वेज. गुडमन आणि शी यांनी १९८५ मधे यावर अख्खी थिअरी मांडली, त्यातला गाभा असा की हजारो तुकड्यांमधे थोडेच तुकडे कळीचे असतात. वाड्याच्या कमानीत मधला किल्लीचा दगड निसटला की बाकीचे सुटतात, तसं. तो एक तुकडा ओळखून धरून ठेवला तर मागचे आपोआप धरले जातात.

अनवेज नावाचं टोरांटोच्या रॉकसायन्सचं सॉफ्टवेअर नेमकं एवढंच काम करतं. बोगद्याचा आकार सांगा, तो कुठल्या दिशेला जातो ते सांगा, भेगांच्या तीन टोळ्यांचा उतार, दिशा आणि लांबी सांगा. ते धरून चालतं की या भेगा कुठेही असू शकतात, आणि त्या हिशोबाने सगळ्यात मोठा तुकडा केवढा होईल ते काढतं. मग प्रत्येक तुकड्याला विचारतं: तू सरळ खाली पडणार, एका भेगेवरून घसरणार, दोन भेगांच्या खोबणीतून घसरणार, की जागेवर बसणार? घसरणाऱ्याला घर्षण अडवतं. सरळ पडणाऱ्याला घर्षण काही उपयोगाचं नाही, आडव्या दाबाची पकड धरली नाही तर त्याचा सेफ्टी फॅक्टर शून्य येतो. हा शून्य बघून नवीन मुलं घाबरतात. खरं म्हणजे तिथे सॉफ्टवेअर एवढंच सांगत असतं की हा तुकडा स्वतःच्या जिवावर नाही राहणार, याला बोल्ट पाहिजे. यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे बोगद्याची दिशा वीस-तीस अंश फिरवून बघता येते, आणि कधी कधी तेवढ्यानेच भलामोठा तुकडा छोटासा होऊन जातो, एकही जादा बोल्ट न मारता. कागदावर असताना हे फुकट आहे, खोदल्यावर नाही.

कोळशात गोष्ट वेगळी. तिथे थर आडवे, म्हणून छत म्हणजे एकावर एक ठेवलेल्या फळ्या. फळी स्वतःच्या वजनाने वाकते आणि तिच्यातला ताण रुंदीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ४.२ मीटरची गॅलरी कोणी घाईत ४.८ ची केली तर रुंदी वाढली फक्त साठ सेंटीमीटर, पण ताण वाढला तीस टक्के. गॅलरी जास्त रुंद काढू नका म्हणून जे कानीकपाळी ओरडतात ते यासाठी. आणि बोल्टने काय होतं? चार सुट्या वह्या दोन्ही टोकांना धरा, लगेच झोल पडतो. त्याच चार वह्या घट्ट शिवून एक केल्या तर गणिताने सोळापट ताठ. खरा बोल्ट इतकी पक्की शिवण घालत नाही, पण कल्पना तीच. भेग पडलेली फळीसुद्धा लगेच पडत नाही बरं का, दोन्ही बाजूंनी दाबून धरलेली असेल तर ती सपाट कमानीसारखी उभी राहते, याचा अभ्यास १९४१ पासून चालू आहे.

आपल्याकडे कोळशाच्या छतासाठी धनबादच्या सीएमआरआय या खाण संशोधन संस्थेने, म्हणजे आताच्या सिंफरने, आणि तिथल्याच आयएसएम या खाणकाम शिकवणाऱ्या कॉलेजने मिळून १९८७ मधे एक मार्कांची पद्धत बसवली. छताला शंभरपैकी मार्क द्यायचे: थरांच्या जाडीला ३०, भेगा, स्लिप (म्हणजे घासून गुळगुळीत झालेली भेग) वगैरे रचनेला २५, पाण्याने दगड किती झिजतो त्याला २०, ताकदीला १५ आणि गळणाऱ्या पाण्याला १०. बघा, दगडाच्या ताकदीला फक्त पंधरा! लॅबमधे दगड फोडून मोठा आकडा आणला म्हणून छत भक्कम होत नाही, हे या वाटणीतच सांगून टाकलंय. या बेरजेला आरएमआर, म्हणजे रॉक मास रेटिंग, म्हणतात. त्यावरून छताचा भार काढायचं सूत्र आहे: रुंदी गुणिले घनता गुणिले (१.७ वजा ०.०३७ आरएमआर अधिक ०.०००२ आरएमआरचा वर्ग), उत्तर दर चौरस मीटरला टनात.

हे सूत्र मला पाठ झालं ते वर्धा खोऱ्यातल्या एका खाणीत. मी नवीन होतो, हातात वर्षापूर्वीचा कागद, आरएमआर ५०. सोबतचे ओव्हरमन, म्हणजे खाणीतले सुपरवायझर, साठीला टेकलेले, हातात लांब सळई, चालता चालता छताला ठोकत जायचे. टण, टण, टण, आणि एका जागी बद्द. थांबले. परत ठोकलं. म्हणाले, "साहेब, ऐका, इथं छत पोकळ बोलून राहिलं." मी दिवा वर केला तर एक चकचकीत स्लिप तिरकी गेलेली आणि तिच्या तोंडाशी पाण्याचे थेंब. कागदावर या दोन्हींचं नाव नव्हतं. त्यांनी खडूने मोठी फुली मारली, लोकांना मागे घेतलं, आणि आम्ही तिथेच पुन्हा मार्क दिले, आले ४०.

आता हिशोब बघा, मी तिथे पेन्सिलीने केला तोच. गॅलरी ४.२ मीटर, घनता २.२. आरएमआर ५० असताना कंसातली किंमत ०.३५, भार ३.२ टन. आरएमआर ४० झाल्यावर कंस ०.५४, भार जवळपास ५ टन. आधार काय होता, तर एका रांगेत चार बोल्ट, प्रत्येक आठ टनाचा, रांगा १.२ मीटरवर, म्हणजे दर चौरस मीटरला ६.३ टन. जुन्या कागदाप्रमाणे सेफ्टी फॅक्टर दोनच्या जवळ, निवांत. नव्या मार्कांप्रमाणे १.२७, आणि आम्हाला तिथे दीड पाहिजे होता. रांगा एक मीटरवर आणल्या तर ७.६ टन, फॅक्टर १.५ च्या जरा वर. म्हणजे उपाय मोठा नव्हताच, वीस सेंटीमीटरचा होता. पण तो सळईच्या बद्द आवाजाने सुचवला, कागदाने नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे मोठी मॉडेल्स. एक प्रकार असा की खडकाचे हजारो छोटे त्रिकोण करायचे आणि प्रत्येक त्रिकोण शेजाऱ्याला किती जोर देतो, स्वतः किती वाकतो, कधी हार मानतो ते सोडवायचं, आरएस२ किंवा फ्लॅक या सॉफ्टवेअरमधे हे होतं. दुसरा प्रकार युडेक, थ्रीडेकचा, तिथे खडक सुटे ठोकळे म्हणून घेतात आणि ठोकळे खरोखर सरकतात, फिरतात, पडतात. याची मुळं पीटर कंडल यांच्या १९७१ च्या कामात आहेत. एक बोगदा शेजारच्या बोगद्याला काय करतो, पिलर काढायला सुरुवात केली की भार कुठे सरकतो, वरच्या सीममधे, म्हणजे कोळशाच्या वरच्या थरात, आधीच खाण असेल तर काय, असले प्रश्न पेन्सिलीने सुटत नाहीत, तिथे हीच लागतात. पण यांची भूक मोठी, प्रत्येक थराचे दहा-बारा आकडे मागतात. न मोजता भरले तरी चित्र तितकंच सुंदर रंगीत येतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

ही भीती उगाच नाही. २१ जानेवारी १९६० ला दक्षिण आफ्रिकेत कोलब्रूकला पिलर एकामागून एक कोसळत गेले आणि चारशेहून जास्त माणसं खाली अडकून गेली. त्यानंतर सॅलॅमन आणि मुन्रो यांनी १२५ ठिकाणच्या पिलरची माहिती गोळा केली, ९८ उभे राहिलेले आणि २७ पडलेले, आणि त्यातून १९६७ मधे पिलरच्या ताकदीचं सूत्र बसवलं. पडलेले मोजल्याशिवाय ते सूत्र बनलंच नसतं. मग २००७, अमेरिकेत युटामधली क्रँडॉल कॅन्यन खाण. ६ ऑगस्टला सहा कामगार अडकले, दहा दिवसांनी त्यांना सोडवायला गेलेल्यांपैकी तिघे गेले. तिथे सॉफ्टवेअर होतं, तेही त्या क्षेत्रातलं नावाजलेलं. सरकारी चौकशीत निघालं की कोळशाचे गुणधर्म मॉडेलमधे चुकीच्या पद्धतीने भरले होते आणि मॉडेलचं उत्तर त्याच खाणीत आधी पिलर फुटले होते त्याच्याशी जुळत नव्हतं. नऊ माणसं. हा अहवाल मी प्रत्येक ट्रेनीला वाचायला लावतो.

म्हणून मॉडेल झालं की काम संपत नाही. छतात बोल्टच्या उंचीच्या वर आणि खाली असे दोन ठिकाणी तारा अडकवून खाली रंगीत पट्ट्या लटकवतात, त्याला टेल-टेल म्हणतात. छत किती मिलिमीटर खाली आलं, आणि ते बोल्ट मारलेल्या भागात सुटलं की त्याच्या वर, हे जाता-येता कोणालाही दिसतं. मॉडेल म्हणालं होतं पाच मिलिमीटर आणि पट्टी दाखवतेय पंधरा, तर खडक बरोबर आणि मॉडेल चूक, यात वाद नाही. आकडे बदलायचे आणि परत चालवायचं. मला कोणी विचारतात की मंडईखालच्या मेट्रोलापण हेच का, तर हो, विचार हाच, पण मेट्रोच्या बोगद्याला आतून काँक्रीटच्या रिंगा बसवतात. खाणीत मैलोन्मैल गॅलऱ्या असतात, तिथे रिंगा परवडत नाहीत, तिथे बोल्ट, जाळी आणि माणसाचं लक्ष.

तर ती आमची ट्रेनी. मी म्हटलं, "अगं, मॉडेल बाजूला ठेव, आधी खाली जाऊन भेगा मोजून ये." २०१९ पर्यंत बाईला जमिनीखालच्या खाणीत असं कामाला उतरताच येत नव्हतं, त्या वर्षी तांत्रिक कामासाठी परवानगी मिळाली. ती टेप, होकायंत्र आणि वही घेऊन गेली, तीन दिवस राहिली. बोगद्याच्या भिंतीला आडवा टेप लावायचा आणि त्याला छेदणारी प्रत्येक भेग लिहायची, उतार, दिशा, लांबी, खरखरीत की गुळगुळीत, आत माती आहे का पाणी आहे का. कंटाळवाणं काम आहे, मान दुखते, वही ओली होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, दोनशेच्या वर भेगा लिहिल्यात. दिशा आपण धरल्या होत्या तशाच आहेत. काही भेगांवर अभ्रकाचा थर आहे, हात फिरवला तर साबणासारखा लागतो. आणि लांबी दोन नाही, तीन मीटर धरायला पाहिजे."

मी फोन चालू असतानाच आकडा बदलला. लांबी दीडपट झाली की तुकडा तिन्ही बाजूंनी दीडपट होतो, वजन सव्वातीन पटीच्याही वर जातं. २.७ टनाचे ९.१ टन झाले. उंची दीडवरून सव्वादोन मीटर. स्क्रीनवर लाल पिरॅमिड फुगला आणि मधल्या निळ्या रेघा त्याच्या पोटातच संपल्या. १.८ मीटरचा बोल्ट, सव्वादोन मीटरचा तुकडा, म्हणजे तुकडा पडला असता तर मधले बोल्ट त्याच्यासकट खाली आले असते. मी तिला ते सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "सर, तीन मीटरचे बोल्ट टाकून परत रन करा, मी लाइनवर आहे. आणि इथल्या मॅनेजरसाहेबांना आत्ताच सांगू का, उद्याच्या शिफ्टला तिकडे माणसं लावू नका म्हणून?"

"सांग," म्हटलं, "आधी ते सांग, रन मी करतो."